ड्यूटी सुटल्यानंतरचे तास

मी आयुष्यात कधी ट्रक चालवला नाही. लूना चालवायची, तीही तुमसरच्या बाजारातून जाताना उतरून हातानं ढकलत न्यायची. तरी आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये नवा ड्रायव्हर आला की गाडीची चावी मिळायच्या आधी त्याला माझ्या टेबलासमोर बसावं लागे. त्याला गाडी येते की नाही हे बघायला रहमानभाई होते. ते आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. नव्या माणसाला स्टेअरिंगवर बसवून ते एक फेरी मारून आणत आणि खाली उतरून नुसती मान हलवत. मान होकारार्थी हलली की माणूस माझ्याकडे यायचा. गाडी कधी थांबवायची, हे मी त्याला शिकवायची.

मी कारध्याची. बाबा मजुरी करत, पण मुलीनं शिकलंच पाहिजे हे आमच्या घरात जेवणाइतकं ठरलेलं होतं. भंडाऱ्याला बी.कॉम. केलं, लग्न होऊन तुमसरला आले आणि या ऑफिसात लागले. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा लहान झाला, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली ही गोष्ट. माझं काम गाड्या लावण्याचं. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, कुठला माल, हे रोज ठरवायचं. माल दोन प्रकारचा. चिखल्याच्या खाणीतून निघणारं मँगनीज रेल्वेच्या सायडिंगवर, म्हणजे माल भरायच्या रुळांवर न्यायचं, आणि राईस मिलचा तांदूळ बाहेरगावी पोचवायचा. खाणीच्या कंत्राटात एक अट होती की ड्रायव्हरांना कामाच्या तासांचे नियम समजावून सांगितले पाहिजेत. शेठनी ती अट वाचली आणि म्हणाले, "सुजाताबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगत जा." त्यांना वाटलं, सही घेतली की झालं. मला मात्र एखादी गोष्ट समजावून सांगायची म्हटली की ती समोरच्याला समजेपर्यंत चैन पडत नाही. हा माझा स्वभाव आणि त्यानं मला आयुष्यात बराच त्रास दिला आहे.

नियम तसे थोडेच. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांच्या पुढे काम रेटायचं नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती. सकाळी कामावर आल्यापासून सुटेपर्यंत, मधली विश्रांती धरून, सगळं बारा तासांच्या आत आटपायचं. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. हे पाठ करायला कोणालाच जड गेलं नाही. जड जायचा तो आराम हा शब्द.

"आराम केला का?" असं विचारलं की ड्रायव्हर म्हणायचा, "केला ना मॅडम, चहा प्याले उतरलो होतो."

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

दुसरा म्हणायचा, "मिलच्या गेटवर गाडी चार तास उभीच होती. आरामच आराम."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"स्टेअरिंगवर. रांग सरकली का गाडी सरकवा लागते ना."

मग मी त्यांना सांगायची, की रांगेत उभं राहणं हे त्या बारा तासांतच धरायचं. उभी असते ती गाडी. तुमचे डोळे रांगेवरच असतात.

सुरुवातीला ते हसत. बाई गाडी चालवत नाही आणि आपल्याला शिकवते. रहमानभाई मात्र हसले नाहीत, म्हणून हळूहळू बाकीचेही हसायचे थांबले. एका राईस मिलच्या मालकांना मात्र माझा कायमचा राग बसला. त्यांचा तांदूळ रायपूरला जात होता आणि ते सारखा फोन करत होते.

"गाडी कुठी आहे?"

"देवरीच्या पुढे उभी आहे."

"काहून? बिघडली?"

"नाही. ड्रायव्हर झोपला आहे."

"मग उठवा ना त्याले."

"झोपायला मीच सांगितलं आहे."

त्यानंतर ते ऑफिसात आले की रहमानभाईंना नमस्कार करत आणि माझ्या टेबलावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

योगराज आमच्याकडे आला तो एका उन्हाळ्यात. आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याशी घर. घरची धानाची शेती, वडील यादोराव, आई नाही, नुकतंच लग्न झालेलं. बायकोचं नाव शालू. रहमानभाईंची मान पहिल्याच फेरीत हलली. "हात अच्छा है," एवढंच म्हणाले, आणि ते त्यांच्या तोंडून फार होतं. माझ्यासमोर बसल्यावर योगराजनं नियम एकदाच ऐकले आणि धडाधडा म्हणून दाखवले. मी त्याला चिखल्याच्या फेरीवर लावलं. नव्या माणसाला जवळचा माल द्यायचा, अशी आमची पद्धत होती.

जवळची फेरी सोपी, असं सगळ्यांनाच वाटे. मलाही वाटायचं. लांब गेलेल्या ड्रायव्हरला ड्यूटी सुटल्यावर निदान झोपण्याशिवाय दुसरं काम नसतं. जवळचा माणूस रोज घरी जातो, आणि घर त्याची वाटच पाहत असतं.

दिवाळी झाली आणि धान कापणीला आलं. योगराज सकाळी यार्डात यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल दिसू लागले. एक दिवस चालानवर सही करताना त्याचा पेन कागदावरून घसरत टेबलावर गेला, आणि त्याला ते कळलंही नाही.

"योगराज, झोप झाली का?"

"झाली ना ताई."

झोप झाली का, या प्रश्नाला जगातला प्रत्येक ड्रायव्हर झाली म्हणूनच उत्तर देतो. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. "काल इथून गेल्यावर काय काय केलं?"

हा प्रश्न त्याला साधा वाटला. त्यानं खरं सांगितलं. "गेलो, जेवलो, मग शेतावर, बांधीत गेलो. कापलेलं धान पडून होतं, बाबा एकटेच भारे बांधून राहिले होते. त्यायच्या संग बांधले. बैलायले चारा टाकला. पहाटे उठून भारे खळ्यात वाहून नेले आन् इकडे आलो."

"मग झोपलास कधी?"

तो हसला. "मधात झोपलो ना थोडा."

मी त्याच्या हातातलं चालान परत घेतलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. "ताई, गाडी नोका काढू माझ्यापासून. बाबाले काय सांगू?"

"गाडी काढत नाही. आज तू मागच्या खोलीत झोप. आणि यापुढे झोप झाली नसेल तर आधीच येऊन मला सांगायचं."

स्पेअर पार्ट ठेवायची ती खोली. तिथे ताडपत्रीच्या घडीवर तो पडला तो संध्याकाळपर्यंत हललाच नाही. रहमानभाई दोनदा आत डोकावून आले, श्वास चालू आहे की नाही बघायला. उठल्यावर त्याला इतकी लाज वाटली की माझ्याकडे न बघताच म्हणाला, "घरी समजू देऊ नोका."

पण घरी समजणंच गरजेचं होतं. पुढच्या रविवारी मी एसटीनं आंबागडला गेले.

यादोराव अंगणात दोर वळत बसले होते. उंच, हाडं निघालेला माणूस, गुडघे सुजलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खाट झटकून दिली आणि शालूला चहा ठेवायला सांगितलं. योगराज बांधीतच होता. मी त्यांना सगळं समजावलं. आठ तास, बारा तास, नऊ तास. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं मले समजलं. पोरगं आठ तास काम करते. बाकीचे सोळा तास काय करते मंग? मास्तर शाळेतून येते आन् शेतात जाते. पोस्टमन येते, तो बी जाते. माझं पोरगं काय मोठा साहेब हाय का?"

"काका, मास्तर थकला तर फळ्यावर अक्षर वाकडं येतं. हा थकला तर वाकडा जातो तो ट्रक. दगड भरलेला."

"दिवसा झोपलेला माणूस गावानं पाहिला तर गाव काय म्हणन? बिमार हाय का म्हणन, नाहीतर आळशी." त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्यानं आता वाकणं होत नाही. मजूर भेटत नाही. धान तर थांबत नाही ना."

या माणसाला वाईट म्हणायची सोय नव्हती. तो खोटं काहीच बोलत नव्हता. शालू दारात उभी होती. ती हळूच सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, जेवता जेवता घास हातातच राहते त्यायच्या. मी हलवून उठवते."

"नवा नवा हाय," यादोराव म्हणाले. "सवय होऊन जाईन."

मी चहा पिऊन परत आले. बसमध्ये पूर्ण वेळ मी स्वतःशीच भांडत होते, की आणखी काय बोलायला हवं होतं.

मग आभाळ आलं. कापलेलं धान बांध्यांमध्ये पडलेलं आणि वरून ढग, याचा अर्थ आमच्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. धान भिजलं तर वर्ष गेलं. त्याच वेळी सायडिंगवर रेक लागला. रेक म्हणजे मालगाडीचे ओळीनं उभे केलेले डबे. ते ठरलेल्या वेळात भरून द्यावे लागतात, उशीर झाला की रेल्वे दंड लावते. रेक लागला की शेठ यार्डातच खुर्ची टाकून बसत. त्या दिवशी एकही गाडी मोकळी ठेवण्याची सोय नसे.

सकाळी सगळे ड्रायव्हर चाव्या घेऊन गेले. शेवटी योगराज आला. कपड्यांना धानाची कुसळं चिकटलेली. तो माझ्या टेबलाशी आला आणि मी विचारायच्या आधीच बोलला.

"ताई, आज मी गाडी नाही चालवत. रातभर पुंजणं घातलं." कापलेल्या धानाचा ढीग रचून झाकून ठेवायचा, त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. "डोळ्याले डोळा नाही लागला. तुम्ही म्हणले होते, तसं सांगून राहिलो."

मी काही म्हणायच्या आत शेठनी ऐकलं. ते उठून आत आले. "काय म्हणते हा?"

"झोप झालेली नाही त्याची," मी म्हणाले. "त्याला आज पाठवता येणार नाही."

"रेक उभा हाय सुजाताबाई. पाहुणा नाही आलेला घरी." त्यांनी खिळ्यावरची चावी काढून योगराजच्या हातात दिली. "जवळ तर जाचं हाय. तोंडावर पाणी मार आन् चाल."

योगराज चावी घेऊन बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. तो गाडीत चढला, दार लावलं, सीटवर बसला. इंजिन काही सुरू झालं नाही. शेठ ओरडले नाहीत, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. रहमानभाई फाटकाजवळ आपल्या गाडीला टेकून उभे होते, तेही हलले नाहीत. थोड्या वेळानं दार उघडलं आणि योगराज खाली उतरला. त्यानं चावी शेठच्या पुढे धरली.

"शेठ, रस्त्यात आज बाजार हाय. आमच्या गावचे सारे लोक त्याच रस्त्यानं पायी येतेत. शालू बी येऊन राहिली."

शेठनी चावी घेतली. "उद्यापासून येऊ नोको," एवढंच म्हणाले.

तो मान खाली घालून सायकलकडे गेला. मी बाहेर येईपर्यंत फाटकाबाहेर पडला होता.

रहमानभाई माझ्याकडे आले. "मॅडम, उसके फेरे मैं मार देता हूँ. माझे झाल्यावर."

"तुमचे तास तुमच्या फेऱ्यांतच संपतात, रहमानभाई."

"मतलब, गाडी खडी रहेगी?"

"उभी राहील."

त्यांनी योगराजच्या उभ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आप मार खाओगी किसी दिन," आणि आपल्या गाडीकडे गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

गाडी दिवसभर उभी राहिली. रेक उशिरा भरला आणि दंड लागला. शेठ माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मी तशीच घरी गेले. एकच गोष्ट मनात घोळत होती. योगराज खोटं बोलला असता, झोप झाली म्हणाला असता, तर बहुतेक त्याची नोकरी राहिली असती. कदाचित फेऱ्याही सुखरूप झाल्या असत्या. बहुतेक वेळा होतातच, म्हणून तर माणसं खोटं बोलतात. माझं ऐकलं म्हणून एका तरुण माणसाची नोकरी गेली होती.

दोन दिवसांनी यादोराव ऑफिसात आले. स्वच्छ धोतर, डोक्याला शेला, हातात काठी. बाकावर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. शेठ आतच होते. त्यांच्याकडे बघून यादोराव म्हणाले, "पोराचा काही कसूर नाही, मालक. त्याले रातभर मी उठवून ठेवलं. तो म्हणत होता, बाबा मले ड्यूटी हाय. मी म्हणलं, धान गेलं तर ड्यूटी चाटाची हाय का."

शेठ कागद चाळत राहिले.

यादोराव माझ्याकडे वळले. "घरी येऊन तो मले काही बोललाच नाही, सुनेजवळ बोलला. तिनं सांगितलं मले. गाडीत बसून उतरला म्हणे. बाजाराचं बोलला म्हणे."  काठीवरचा हात त्यांनी बदलला. "बाई, त्याच्या कामाले झोप किती लागते, थे मले आता नीट सांगा. त्या रोजी तुम्ही सांगितलं, पण मी आयकून नाही घेतलं."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. "काका, नऊ तास मोकळे द्यायचे असं कायदा म्हणतो. त्यात इथून घरी जाणं आलं, आंघोळ आली, जेवण आलं, सकाळचं उठणं आलं, परत इथे येणं आलं. आता तुम्हीच सांगा, राहतं किती."

ते बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. बराच वेळ लागला. मग एकदम हात खाली ठेवला.

"म्हणजे घरी आल्यावर झोपणं हेच त्याचं काम हाय."

"हो."

"तसं सांगाचं ना मंग," ते म्हणाले. "आराम आराम म्हणून राहिले तुम्ही. आराम म्हटलं का मले वाटते, रिकामा हाय."

इतकी वर्षं मी तो शब्द घेऊन बसले होते. 

शेठनी कागद बाजूला ठेवला. त्यांचे आजोबाही आमच्याच तालुक्यात धान पिकवत होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी विचारलं, "धान आलं का घरी?"

"आलं मालक. पुंजणं झाकलं होतं, म्हणून वाचलं."

"मग पोराले उद्या पाठवा. झोपवून पाठवा."

यादोराव उठले, दोघांनाही हात जोडले आणि काठी टेकत बसस्टँडकडे गेले. दंडाबद्दल शेठ पुढे महिनाभर मला टोमणे मारत होते. ते मी मुकाट्यानं ऐकले, कारण योगराजची गाडी रोज यार्डातून निघत होती.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आराम हा शब्द टाकून दिला. नव्या ड्रायव्हरला सांगायची, ड्यूटी दोन आहेत, एक गाडीवरची आणि एक अंथरुणावरची, आणि दोन्हीला गैरहजर राहता येत नाही. आणि त्याच्या घरचं कोणीतरी माणूस चहाला बोलवायची. आई, बायको, भाऊ, जो असेल तो. ड्रायव्हर लाजत. मुलगी पाहायचा कार्यक्रम आहे का, असं यार्डात एकमेकांना विचारत. पण घरची माणसं येत. चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या एका म्हातारीनं मला विचारलं होतं, की दिवसा झोपणाऱ्या मुलाच्या खोलीत टीव्ही चालतो का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग मी शेजारी पाहाले जाईन." सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. काही घरी मी स्वतः गेले आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवून तशीच परत आले. ते चेहरेही माझ्या लक्षात आहेत.

योगराज पुढे लांबच्या गाडीवर गेला. रहमानभाई गावी परतल्यावर नव्या माणसांची फेरी तोच घेऊ लागला. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या दिवशी तो नव्हता. त्याचे नऊ तास चालू होते, असा निरोप शालूनं फोनवर दिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आंबागडला गेले. कापणीचे दिवस, ऐन दुपार. गावात माणूस नव्हतं, सगळे बांध्यांत. यादोरावांच्या अंगणात घराचं दार ओढून घेतलेलं आणि दाराबाहेर खाटेवर ते स्वतः बसलेले. आता फार थकलेत. ऐकू कमी येतं, पण मी फाटक उघडलं तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

मी जवळ गेले. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी रायपूरहून आला. जेवला आन् झोपला. सून बांधीत गेली. मजूर लावले यंदा."

"उठवू नका," मीही तशीच कुजबुजले. "पत्रिका तुमच्याचजवळ देते."

"उठवत तर नाहीच. सरपंच आले होते मघा, त्यायले बी वापस पाठवलं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तणसाची, धानाच्या पेंढ्याची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर वळला. यादोराव खाट धरून उठले. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. काठीसुद्धा न घेता ते फाटकाबाहेर गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला.

"वरच्या रस्त्यानं जाय," त्यांनी खुणेनंच सांगितलं, आणि गालाखाली हात ठेवून मान तिरकी केली.

त्या माणसाला ते नवीन नसावं. त्यानं मान हलवली आणि ट्रॅक्टर मागे घेऊ लागला. मी पत्रिका खाटेवर ठेवली, तिच्यावर अक्षता ठेवल्या, आणि चपला हातात घेऊन अंगणाबाहेर आले.